शेतातल्या शेडला भक्कम करायचं की रात्री रिकामं ठेवायचं?

बांधावरचा
आमच्या शिवारात शेड फोडायचं सत्र सुरू आहे. कुणाची ट्रॅक्टरची बॅटरी, कुणाचा फवारणी पंप, आणि परवा तर अख्खी मोटारसायकल. दर वेळी पारावर एकच ठराव होतो: मोठं कुलूप आणा, कॅमेरा लावा. माझं म्हणणं, कुलपावर पैसे घालवूच नका. फुटलेलं शेड बघायला गेलो की कुलूप शाबूत आणि कोयंडा उपटलेला. बारक्या स्क्रूंवर धरलेल्या कोयंड्याला हजाराचं कुलूप लटकवून काय उपयोग? रात्री गाडी, बॅटरी, पंप घरी आणा आणि दार खुशाल उघडं टाका. पटत नसेल तर बोला.

वेल्डिंगवाला आबा
नाही पटत. कोयंडा कच्चा असेल तर कोयंडा बदला की, शेड कशाला रिकामं करता? स्क्रूऐवजी आरपार बोल्ट टाका. बाहेर गोल गुळगुळीत डोकं, आतून नट, नटाला वेल्डिंगचा एक टाका. पत्र्याच्या मागून पाच एमएमची पट्टी द्या म्हणजे पत्रा फाटत नाही. बिजागरी बाहेरून असेल तर तिची पिनही टाका मारून बंद करा. कुलूप असं घ्या की कडी झाकलेली राहील, कटरला तोंड घालायला जागा नको.

आणि दार पक्कं करून थांबू नका. लोक मागची बाजू बघतच नाहीत. पत्रे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूवर असतात, आठचा पाना लावला की निघतात. खालच्या पत्र्यांना तरी आरपार बोल्ट करून घ्या. गाडीसाठी कोबा ओततानाच सोळा एमएमची सळई यू आकारात वाकवून त्यात पुरा. साखळी तिच्यातून आणि गाडीच्या फ्रेममधून घ्या. नुसत्या चाकातून घेतली तर चाक तुमच्याकडे आणि गाडी त्याच्याकडे.

शनिवारचा शेतकरी
घरी आणा हे गावात राहणाऱ्यांना ठीक आहे. आमची जागा मुळशीत, आम्ही कोथरूडला. मुलांच्या सायकली आणि गवत कापायचं मशीन दर रविवारी गाडीत कोंबून आणू का? सिमवर चालणारा सोलर कॅमेरा लावलाय. हालचाल झाली की मोबाईल वाजतो.

बांधावरचा
वाजला, मग? तुम्ही चांदणी चौक ओलांडेपर्यंत मशीन भंगारवाल्याच्या काट्यावर चढलेलं असेल. वर तोंडाला गमछा. कॅमेऱ्यात काय दिसणार, गमछ्याचा रंग?

शनिवारचा शेतकरी
मी कशाला निघतोय? शेजारच्या वस्तीवरच्या मामांना फोन करतो, ११२ ला करतो. कॅमेऱ्यातून भोंगाही वाजवता येतो. तुमच्या उघड्या दारापेक्षा बरं.

थ्री फेज
एवढी चर्चा कशाला? शेडभोवती तार ओढा, एक फेज जोडून द्या. परत येणार नाही कुणी.

वेल्डिंगवाला आबा
असलं इथे लिहूसुद्धा नका. डुकरांसाठी सोडलेल्या करंटला चिकटून स्वतःच्याच घरातली माणसं गेली आहेत, बैल गेलेत. चोर मेला तरी गुन्हा तुमच्यावरच. कुंपणाला झटका मशीन लावा, ते क्षणभर झटका देऊन सोडतं. थेट लाईन सोडत नाही.

रात्रपाळी
रात्रीची लाईट असायची तेव्हा पाणी धरायला कुणी ना कुणी शिवारात असायचं. आता आमच्याकडे दिवसा वीज मिळते, चांगलंच आहे, पण रात्री चिटपाखरू नसतं. पाळ्या लावून गस्त सुरू करा, बाकी सगळं वरवरचं.

साक्रीकर
गस्तीचं नाव काढलं की आमच्या तालुक्यातलं राईनपाडा आठवतं. १ जुलै २०१८, मुलं पळवणारे आले या अफवेवर भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. २०२४ मध्ये चोर ड्रोनने टेहळणी करतात अशा अफवा उठल्या तेव्हाही गावोगावी लोक रात्रभर काठ्या घेऊन रस्त्यावर होते. ग्रामसुरक्षा दलात नाव द्या, ठाण्याला कळवा, मग फिरा. कुणी दिसला तर फोन करायचा, हात लावायचा नाही. हे पाळता येत नसेल तर चोरी झालेली परवडली.

काळा कोट
उघडं दार ठेवणाऱ्यांनी कायदाही बघावा. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते. माल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हा अदखलपात्र, एनसी म्हणजे नुसती नोंद घेऊन घरी या. पण माल ठेवायच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागतं. ते दखलपात्र आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. म्हणून तक्रारीत ‘शेतातून गेलं’ असं मोघम नको, ‘माल ठेवण्याच्या बंद शेडमधून, कोयंडा तोडून’ असं लिहा. पाण्याच्या मोटारीच्या प्लेटचा नंबरसह फोटो मोबाईलमध्ये असू द्या.

गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा रुपयाही मिळत नाही. फुल विमा असला तरी कंपनी दोन्ही चाव्या मागते. आणि दुसरी चावी शेडमधल्याच खिळ्याला टांगणारे महाभाग कमी नाहीत.

बांधावरचा
कलम नंतर लागणार, पंप आधी जाणार. मी घरीच आणणार. पण विहिरीवरची तांब्याची केबल कशी आणू, ते आबांनी सांगावं.

वेल्डिंगवाला आबा
ॲल्युमिनियमची टाका. भंगारात भाव कमी, चोर ढुंकून बघत नाही.

रात्रपाळी
आणि टोकं तापून स्टार्टर जळतो, त्याचं काय?

वेल्डिंगवाला आबा
तांब्याच्याच साइजची घेतली तर जळणारच. जाड घ्या आणि टोकाला बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) दाबून बसवा, नुसती पिळून जोडू नका.