घरच्या सर्व्हरमुळं इन्व्हर्टर पहाटेपर्यंत टिकत नाही, रिकामा असताना त्याची वीज कशी कमी करावी?

उदगीरचा_स्टुडिओवाला

नमस्कार मंडळी. माझा उदगीरला लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा छोटा स्टुडिओ आहे. जुन्या एडिटिंगच्या पीसीचा दोन वर्षांपासून घरी सर्व्हर केलाय. आय-५ ६५००, १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ५५० वॉटचा जुना एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), चार-चार टीबीच्या चार हार्डडिस्क, डेबियन लिनक्ससाठी एक एसएसडी. बारा वर्षांची लग्नं त्यात आहेत, २०२२च्या एप्रिलमध्ये इथं ९५वं साहित्य संमेलन भरलं तेव्हाचं शूटिंगपण. पाच-सहा वर्षांनी कुणीतरी येतं आणि म्हणतं, वडील गेले, लग्नाच्या गर्दीतला त्यांचा एखादा फोटो निघतो का बघा. म्हणून हे सगळं बंद करून कपाटात ठेवायची माझी तयारी नाही.

अडचण अशी की लाईट गेली की घर एका १५० एएचच्या बॅटरीवर येतं. दोन पंखे, दोन बल्ब, राउटर आणि हा सर्व्हर. मागच्या आठवड्यात रात्री साडेबाराला लाईट गेली, पावणेचारला इन्व्हर्टर ओरडायला लागला. आईला दम्याचा त्रास आहे. उजाडेपर्यंत तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो.

क्लॅम्प मीटर लावला तर ०.५५ अँपिअर, म्हणजे २३० व्होल्टला १२६ वॉट. तेव्हा सीपीयू ९९ टक्के रिकामा होता. रिकामं बसून एवढी वीज कशाला खायलाय हा? यंदा नवीन मशीन घेणं होणार नाही, आहे त्यातच काय करता येईल ते सांगा.

वायरमन_जालना

भाऊ, ते १२६ वॉट नाहीत, १२६ व्हीए आहेत, म्हणजे नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर. जुन्या एसएमपीएसचा पॉवर फॅक्टर (व्हीएपैकी खरे वॉट किती, तो हिस्सा) कमी लोडवर लई पडतो, त्यामुळं क्लॅम्पवरून वॉट कळत नाहीत. घराच्या मीटरवरच मोजा. मीटरवर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. इन्व्हर्टरचा प्लग काढा, नाहीतर त्याचं चार्जिंग मोजलं जाईल. बाकी सगळं बंद करा, सर्व्हर साध्या सॉकेटवर घ्या आणि १० मिनिटं लुकलुक मोजा. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो धरा.

उदगीरचा_स्टुडिओवाला

मोजलं. माझ्यापण मीटरवर ३२००च आहे. १० मिनिटांत ४२ वेळा, म्हणजे ७९ वॉट. महिन्याला ५७ युनिट. आमच्या छताच्या जुन्या पंख्याला ७५ वॉट लागतात, म्हणजे घरात अजून एक पंखा दिवसरात्र फिरायलाय आणि वारा कुणालाच नाही.

नांदेडची_लिनक्सवाली

दादा, सीपीयूचा वेग कमी करत बसू नका, रिकाम्या मशीनला त्यानं फारसा फरक पडत नाही. आधी ग्राफिक्स कार्ड काढा. आय-५ ६५००च्या पोटात स्वतःचं ग्राफिक्स आहे, सर्व्हरला तेवढं पुरतं.

मग पॉवरटॉप (वीज कुठं जाते ते दाखवणारं लिनक्सचं साधन) टाकून 'आयडल स्टॅट्स' पान बघा. कोअर झोपलेले दिसतील, पण डावीकडचा पॅकेजचा रकाना महत्त्वाचा. तो पीसी-२ला, म्हणजे उथळ झोपेला (आकडा मोठा तितकी झोप गाढ), अडकलेला असेल तर एखादं कार्ड सगळ्या चिपला झोपू देत नाहीये. घरात सगळे निजले तरी एकजण दिवा लावून बसला की कुणालाच झोप लागत नाही, तसंच ते. बायॉसमध्ये सी-स्टेट (सीपीयूची झोप) आणि एएसपीएम (कार्डांच्या जोडणीची वीजबचत) चालू आहेत का बघा. एडिटिंगच्या मशीनवर लोक ते मुद्दाम बंद करून ठेवतात. हार्डडिस्कसाठी एखादं स्वस्त साटा कार्ड (जादा डिस्क जोडायचं कार्ड) लावलं असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावर. नंतर पॉवरटॉपचं ऑटो-ट्यून चालवा, ते वीजबचतीच्या सेटिंग एकदम चालू करतं. ते रीबूटनंतर टिकत नाही, मशीन सुरू होताना आपोआप चालणारी सिस्टमडीची छोटी सर्व्हिस करावी लागते. हे बदल करण्याआधी डेटाची एक प्रत बाहेर काढून ठेवा. काही डिस्कांना साटा लिंकची वीजबचत सोसत नाही.

आता डिस्क. ३.५ इंची डिस्क नुसती फिरत राहिली तरी ४-५ वॉट घेते. जुन्या लग्नांच्या डिस्क एचडीपार्म कमांडनं झोपवा. तिच्या कॅपिटल 'एस' पर्यायाला २४१ दिलं की अर्ध्या तासानं थांबतात. पाच-दहा मिनिटं देऊ नका, सारखी चालू-बंद होऊन डिस्क झिजते. थांबवूनही जागी होत असेल तर स्मार्टडी (डिस्कची तब्येत तपासत राहणारा प्रोग्राम) किंवा थंबनेल करणारं ॲप तिला उठवतंय. स्मार्टडीला 'एन स्टँडबाय' पर्याय द्या. चारही डिस्क एकाच रेडमध्ये, म्हणजे मिळून एक केलेल्या, आहेत का? तसं असेल तर एक फोटो उघडला की चारही उठतात. तुमचा डेटा एकदा लिहिला की बदलत नाही, त्याला मर्जरएफएस (वेगळ्या डिस्क एकच फोल्डर म्हणून दाखवतं) आणि स्नॅपरेड (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा परत मिळतो) जास्त बरं.

एसएमपीएसला सध्या हात लावू नका. ५५० वॉटचा एसएमपीएस ४० वॉटला कमी कार्यक्षम असतो हे खरं, पण त्यातून दोन-चार वॉट वाचतील आणि पैसे फिटायला वर्षं जातील.

परळीकर

लाईट गेल्यावर सर्व्हर चालू तरी कशाला हवा? घरच्या इन्व्हर्टरला यूपीएससारखी यूएसबी केबल नसते, म्हणून सर्व्हरला लाईट गेल्याचं कळतच नाही. मी असं केलंय. इन्व्हर्टरवर नसलेल्या सॉकेटला एक वायफाय प्लग लावला आणि सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का' विचारतो. सलग तीनदा उत्तर नाही आलं, पण इन्व्हर्टरवरचा राउटर उत्तर देतोय, तर लाईट गेली असं धरून सर्व्हर बंद होतो. राउटरची खात्री नक्की करा, नाहीतर वायफाय अडखळलं तरी सर्व्हर बंद पडेल.

उदगीरचा_स्टुडिओवाला

तिघांचेही आभार. चार रविवार लागले. ग्राफिक्स कार्ड काढलं: ६८ वॉट. बायॉसमध्ये सी-स्टेट खरंच बंद होते, मीच २०१७ साली केले होते. ते चालू करून ऑटो-ट्यून दिलं: ५५. ताई, साटा कार्डाचं तुम्ही बरोबर ओळखलं. मदरबोर्डवर जागा मोकळी असताना एक डिस्क त्या कार्डावर लावलेली होती. कार्ड काढलं तर पॅकेज पीसी-६पर्यंत जायला लागलं: ४७. रेड मोडून स्नॅपरेड करायला सगळ्यात जास्त वेळ गेला, दोनदा प्रती काढल्या, तोवर जिवाला चैन नव्हती. आता तीन डिस्क झोपतात. काल २० मिनिटांत ३५ लुकलुकी, म्हणजे ३३ वॉट. महिन्याला ५७चे २४ युनिट. आमचं बिल ३०० युनिटच्या थोडं वर जायचं, त्यामुळं वाचतात त्यातले काही युनिट वरच्या महाग स्लॅबमधले.

परळीकर, तुमची पिंगची युक्ती चालली, पण लाईट आल्यावर सर्व्हर उठतच नाही. बायॉसमध्ये 'वीज आली की सुरू हो' दिलंय तरीही.

परळीकर

उठणार कसा? इन्व्हर्टरमुळं सर्व्हरची वीज कधी गेलेलीच नसते, मग ती परत येण्याचा प्रश्नच नाही. पूर्ण बंद करण्याऐवजी आरटीसीवेक (ठरल्या वेळी मशीन उठवणारी कमांड) वापरून अर्ध्या तासासाठी सस्पेंड करा. उठला की प्लगला पिंग, उत्तर नाही आलं तर परत अर्धा तास. झोपण्याआधी सिंक कमांड द्या, म्हणजे मध्येच बॅटरी संपली तरी लिहायचं काही राहणार नाही. झोपेत दोन-चार वॉटच लागतात.

उदगीरचा_स्टुडिओवाला

बसवलं. परवा रात्री पावणेबाराला लाईट गेली, पहाटे पाचला आली. लॉगमध्ये सर्व्हर दहा वेळा उठून परत झोपलेला दिसतो, अकराव्यांदा जागा राहिला. इन्व्हर्टर ओरडला नाही. आई साडेसहाला उठली आणि रात्री लाईट गेली होती का म्हणून विचारायला लागली.