एनएफएल : क्वार्टरबॅक मोठा की संघ?

न्यूजर्सीकर :
माझ्या मते एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये क्वार्टरबॅकचे, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचे, लाड जरा अतीच होतात. २०२४चा हंगाम घ्या. सिनसिनाटीच्या जो बरोने ४,९१८ यार्ड आणि ४३ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास टाकले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. संघ मात्र ९-८ (विजय-पराभव), प्लेऑफला म्हणजे बाद फेरीलासुद्धा नाही, कारण बचावाला कुणाला अडवताच येत नव्हतं. त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा सॅक केलं (चेंडू फेकण्याआधीच पाडलं), तेही त्याच्यावर जादा माणूस ब्लिट्झला न धाडता. ४०-२२. त्याला वाचवणारी पुढची फळीच कोसळल्यावर माहोम्स काय करणार, कपाळ?

कट्टेकरी :
साफ असहमत. इंडियानापोलिस २०१०मध्ये १०-६. पुढच्या वर्षी मानेच्या दुखण्याने त्यांचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग अख्खा हंगाम बाहेर बसला आणि संघ २-१४! कोच तोच. पुढच्या फळीतला एक गार्ड किंवा बचावातला कॉर्नरबॅक जायबंदी झाल्यावर कुणाची अशी वाताहत झालीय का?

न्यूजर्सीकर :
तोच मॅनिंग २०१५मध्ये डेन्व्हरला ९ टचडाउन आणि १७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) अशी कामगिरी करूनही सुपर बोल जिंकला. श्रेय व्हॉन मिलर आणि मंडळींच्या बचावाचं.

हिशेबनीस :
अहो, पैशाचं कुणीच बोलत नाही! २०२४ला संघाची एकूण पगारमर्यादा होती २५.५४ कोटी डॉलर, आणि डॅलसने आपला क्वार्टरबॅक प्रेस्कॉटला दिले वर्षाला सरासरी ६ कोटी. (बोनसचा हिशेब पुढच्या वर्षांवर ढकलता येतो, पण तो कधीतरी अंगावर येतोच.) उलट सॅन फ्रान्सिस्कोचा पर्डी, २०२२च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची निवड) अगदी शेवटचा, २६२वा. तो स्वस्तात खेळत होता तोवर बाकीच्या स्टार मंडळींवर खर्च करता आला, आणि २०२३च्या हंगामात ते सुपर बोलपर्यंत गेले. २०२५मध्ये त्याचा करार झाला पाच वर्षांचा, २६.५ कोटींचा. म्हणजे प्रश्न क्वार्टरबॅक हवा की नको हा नाहीच. तो केवढ्याला पडतो आणि मागे काय उरतं, हा आहे.

कट्टेकरी :
मग सगळे मालक खुळे म्हणून एवढे मोजतात का? क्वार्टरबॅक ब्रेडी २०२०मध्ये न्यू इंग्लंड सोडून टॅम्पाला गेला. आदल्या वर्षी ७-९ असलेला संघ थेट विजेता, आणि १२-४वाले न्यू इंग्लंड ७-९वर. याहून स्वच्छ पुरावा कोणता हवा?

न्यूजर्सीकर :
त्या सुपर बोलमध्ये टॅम्पासमोर कॅन्सस सिटीला एकही टचडाउन करता आला नाही, ३१-९. माहोम्सच्या मागे धावत कोण होतं, ब्रेडी?