गोडसर परफ्यूम: तुमचा अनुभव काय?

व्हॅनिला, कॅरॅमल, प्रालीन, चॉकलेट असे खाऊचे वास असणाऱ्या परफ्यूमना गूरमाँ म्हणतात. नाशिकच्या डिसेंबरात मला ते जाम आवडतात, एप्रिलच्या उन्हात त्यांनीच डोकं उठतं. तुमचं काय? नुसतं 'मस्त आहे' नको, सुरुवातीला काय वास आला आणि शेवटी काय उरलं ते लिहा.

गंगापूर रोडवरून:
लताफा कंपनीचं 'खमराह' परफ्यूम. लावल्या लावल्या दालचिनी पुढे येते, जरा वेळाने खजूर आणि प्रालीन. संध्याकाळी उरते ती व्हॅनिला, आणि खरी मजा तिथेच आहे. स्वेटरच्या बाहीला दुसऱ्या दिवशीही वास असतो. सासूबाई स्वयंपाकघरात डोकावून म्हणाल्या, "लाडू वळलेस आणि सांगितलं नाहीस होय गं?"

सातपूरहून:
आमच्या शॉपफ्लोअरवर कूलंटच्या (यंत्रं थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) वासात कॅरॅमल मिसळलं की मळमळतं. सुट्टीच्या दिवशीच लावतो.

इंदिरानगरहून:
जळक्या साखरेचा तो वास बहुतेक वेळा इथाइल माल्टॉल या रसायनाचा. १९९२ मध्ये आलेल्या म्युग्लरच्या 'एंजल' परफ्यूममध्ये तो भरपूर होता, पण जोडीला पॅचुली या सुगंधी वनस्पतीचा मातकट कडवटपणाही होता, म्हणून ते जमलं. स्वस्तातल्या बाटल्यांत नेमकी ही पॅचुली कमी पडते आणि आपण जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखे दरवळत फिरतो. उन्हात हे सगळं भराभर उडतं, त्यामुळे दोन फवारेही चार मारल्यासारखे वाटतात. आपलं नाक सरावतं, शेजारच्याचं नाही!
आणखी एक: व्हॅनिलाचा वास देणाऱ्या व्हॅनिलिनमुळे पांढऱ्या कपड्यावर पिवळट डाग पडतो. माझ्या सदऱ्याची कॉलर बघा म्हणजे पटेल. बाटलीतलं परफ्यूम तपकिरी झालं तर मात्र घाबरू नका, तेही बहुतेक व्हॅनिलिनचंच काम. ते खराब झालं असं नाही.

पंचवटीतून:
लग्नात मोगऱ्याचा गजरा असेल तर हे लावू नये, दोन्ही वास भांडतात. सोनचाफा एकवेळ चालेल. आणि सकाळच्या सिटीलिंक बसमध्ये, बायांनो आणि बाप्यांनो, एकच फवारा! मागच्या सीटवर उपाशी माणसं बसलेली असतात.

कॉलेज रोडवरून:
मग उन्हाळ्यात लावायचं काय?

पंचवटीतून:
वाळ्याचं अत्तर. कानामागे, टिकलीएवढं.