इंडोनेशियातल्या सुंदा लोकांचा सुगीचा सण सेरेन ताउन: पावित्र्य संपलं म्हणणाऱ्यांना

बांडुंगकर:
काल इथे कुणीतरी ड्रोनने काढलेला फोटो टाकून लिहिलं, 'सुंदांचा सुगीचा सण आता पर्यटकांचा तमाशा झालाय.' डोकं फिरलं. सहा वर्षं पश्चिम जावात काढलीत मी. हालिमुन डोंगरातल्या चिप्तागेलारला आजही वर्षाला एकच पीक. धरती आई, ती वर्षातून एकदाच बाळंत होणार. भात विकणं निषिद्ध. त्याच गावात ओढ्यावरची वीज आहे, स्वतःचं टीव्ही केंद्रही आहे. काय बिघडलं?

निमशहरी:
एका गावावर किती दिवस काढणार? बाकी जावात बिघडलं ते हरितक्रांतीत. आधी उंच भाताची लोंबी तळहातात लपणाऱ्या एतेमने, म्हणजे छोट्या चाकूने, एकेक कापायचे, पातं दिसून भाताची देवी न्यी पोहाची बिचकू नये म्हणून. बुटकं भात आलं, विळा आला. जुड्या बांधणं गेलं, मळणी शेतातच, पोतं थेट व्यापाऱ्याकडे. लेउईत, म्हणजे त्यांची कणगी, रिकामी. देवीला बसवणार कुठे? आणि तुम्ही भांडताय ड्रोनवर!

तिरपागडा:
पश्चिम जावातल्याच चिगुगुरला तर १९८२ साली सरकारनेच सेरेन ताउन बंद पाडला, तो १९९९ ला परत सुरू झाला. २२ क्विंटल भात येतं, २० कांडून वाटायचं, २ बियाण्याला. सुंदा विवितान, म्हणजे सुंदांचा जुना धर्म, मानणाऱ्यांना ओळखपत्रावर आपली श्रद्धा लिहिण्याचा हक्क २०१७ च्या घटना न्यायालयाच्या निकालाने मिळाला. अशांना गर्दी हेच कवच. होऊ दे तमाशा.

माजघर:
२० क्विंटल कांडतं कोण, ते नाही लिहिलंत. चिप्तागेलारला भाताच्या गिरणीला बंदी आहे. पावित्र्य देवीचं, खांदे बायकांचे. आमची आजी राजापूरकडची, पहाटे चारला उखळापाशी. गावात गिरणी आली तेव्हा तिने गिरणीपुढे नारळ फोडला. उखळापुढे कधी फोडलेला कुणी पाहिला नाही.

बांडुंगकर:
इथे राजापूर कुठून आलं? त्या बायका लेसुंगवर, म्हणजे लाकडी उखळावर, मुसळांचा ताल धरतात, ते ऐकलंय का कधी?

माजघर:
तुम्ही ऐकलंत. मुसळ उचललंत?

बांडुंगकर:
उचललं हो. दहा मिनिटांत तळव्याला फोड. बायका खो खो हसल्या.

माजघर:
हसतीलच. त्यांना उद्याही कांडायचंय, तुम्हाला बांडुंगची गाडी होती.

तिरपागडा:
आणि हातसडीचा तांदूळ पुण्यात चढ्या भावाने कोण घेतं, ताई? आपणच ना?

माजघर:
मी घेत नाही. आजी वरून चप्पल फेकून मारेल.

निमशहरी:
उखळ आवरा आता. बडुई या सुंदांमधल्याच जमातीने २०२३ मध्ये सरकारला कळवलं, आमच्या भागातलं इंटरनेट बंद करा. चिप्तागेलारने टीव्ही घेतला, यांनी सिग्नल नाकारला. दोघेही सुंदाच. काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या, ड्रोनवाल्याने नको आणि बांडुंगकरांनीही नको.

बांडुंगकर:
मला कशाला ओढता त्यात? बरं, एतेमचा मुद्दा मान्य. अर्थ बदलला तो शेतात, मंडपात नाही. उखळाचा अर्धाच मान्य.

माजघर:
अर्धं कांडून ठेवा मग. मी येऊन पाखडते.