मदत हवी आहे: कार्डिगनचा उजवा पुढचा भाग 'आकार उलटवून' कसा विणायचा?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी,

आईसाठी व्ही गळ्याचं, पुढून उघडं कार्डिगन विणतेय. तिचा खांदा आखडलाय, हात वर जात नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचा स्वेटर आता तिच्या उपयोगाचा नाही. आम्ही निफाडचे. राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून बातम्यांत ज्या गावाचं नाव येतं, तेच. तेव्हा थंडी पडायच्या आत हे तिच्या अंगावर चढलं पाहिजे.

पॅटर्न इंग्लंडमधल्या जुन्या पुस्तिकेतला आहे. डीके म्हणजे मध्यम जाडीची लोकर (मी अ‍ॅक्रिलिक घेतलीय, आईला धुवायला सोपी), ४ मि.मी.ची म्हणजे आपली ८ नंबरची सुई, १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी. नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजला, माप बरोबर येतंय. पाठ झाली. डावा पुढचा भागही झाला आणि छान झालाय. उजव्या भागासाठी मात्र पुस्तिकेत एवढंच लिहिलंय की डाव्यासारखाच विणा, सगळे आकार उलटवून. त्यापुढे थेट बाह्या सुरू!

डावा भाग असा होता: ५३ टाके, मुंढ्यापर्यंत (बाही जोडायची जागा) ३६ सेंमी सरळ. मग सुलट (दर्शनी) बाजूच्या ओळीत सुरुवातीला मुंढ्याचे ५ टाके बंद, आणि त्याच ओळीच्या शेवटी तीन टाके उरले की दोन एकत्र सुलट, एक सुलट. तिथून पुढे मुंढ्याकडे दर सुलट ओळीला १ असे ५ टाके कमी. 'त्याच वेळी' गळ्याकडे सुलट ओळींना एकूण ४ वेळा आणि नंतर दर चौथ्या ओळीला, खांद्याचे २७ उरेपर्यंत.

उजव्याचे ३६ सेंमी झालेत, शेवटची ओळ उलट बाजूची विणून थांबलेय. आता सुलट ओळीच्या सुरुवातीला ५ बंद केले तर मुंढा बटणपट्टीच्या जागी येईल, एवढं कळतंय. मग ते ५ कुठे बंद करायचे? आणि दोन एकत्र विणायची पद्धत तीच ठेवायची की बदलायची? डाव्या गळ्याची तिरकी रेघ इतकी सुरेख आलीय की उजवी तिच्या जोडीला शोभली पाहिजे.

कुणी ओळीवार सांगू शकेल का?

लोकरलडी:

गोदाकाठ ताई, अगदी योग्य जागी थांबला आहात. जुन्या ब्रिटिश पुस्तिकांमध्ये कागद वाचवायला अर्धा स्वेटर असा एका वाक्यात उरकलेला असतो. माझ्या मते उजवा भाग पूर्ण लिहूनच द्यायला हवा, नवीन विणणारी माणसं इथेच काम सोडतात.

आधी कारण सांगते, म्हणजे पुढे कुठल्याही पॅटर्नला अडणार नाही. सगळ्या ओळी सुलट असलेल्या विणीत दोन्ही बाजू सारख्या दिसतात. तिथे दोन डावे भाग विणून एक उलटा ठेवला तरी चालतं. तुमच्या एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा विणीला मात्र दर्शनी बाजू आहे, म्हणून आकार आरशातल्यासारखे फिरवावे लागतात.

डाव्या भागात सुलट ओळ मुंढ्याकडून सुरू होऊन गळ्याकडे संपते. उजव्यात ती गळ्याकडून सुरू होऊन मुंढ्याकडे संपते. कडेचे टाके बंद फक्त ओळीच्या सुरुवातीलाच करता येतात, कारण तिथे धागा हाताशी असतो. म्हणून उजवा मुंढा उलट बाजूच्या ओळीत बंद होतो.

आता विणायला घ्या.

पहिली ओळ (सुलट बाजू): १ सुलट, एक टाका न विणता उचला, पुढचा सुलट विणा, उचललेला त्याच्यावरून ओढून घ्या, मग शेवटपर्यंत सुलट. ५२ उरले.

दुसरी (उलट बाजू): सुरुवातीला ५ टाके उलट विणत बंद करा, बाकी उलट. ४७.

तिसरी: गळ्याकडे पहिल्या ओळीसारखंच, मग ३ टाके उरेपर्यंत सुलट, दोन एकत्र सुलट, १ सुलट. ४५.

पाचवी आणि सातवी तिसरीसारखीच: ४३, मग ४१. गळ्याचे चार झाले, मुंढ्याचे तीन.

नवव्या ओळीत फक्त मुंढ्याकडे एक कमी: ४०. अकराव्या ओळीत मुंढ्याचा पाचवा आणि शेवटचा, आणि गळ्याचाही एक: ३८. मुंढा संपला.

इथून फक्त गळा. १५, १९, २३ असं दर चौथ्या ओळीला एक, ते ५५व्या ओळीपर्यंत. मधल्या सुलट ओळी साध्या, सगळ्या सम ओळी उलट. ५५व्या ओळीला सुईवर २७ राहतात. मग डाव्याइतकी उंची होईपर्यंत सरळ.

दोन एकत्र विणायची पद्धत बदलायचीच. दोन टाके नुसते एकत्र सुलट विणले की वरचा टाका उजवीकडे झुकतो, उचलून-ओढून केला की डावीकडे. डाव्या गळ्याची कड उजवीकडे कलते, उजव्या गळ्याची डावीकडे. टाका कडेच्या दिशेने झुकला की ती रेघ उमटते.

खांद्याचे टाकेही उलट बाजूच्या ओळींच्या सुरुवातीलाच बंद होतील, टप्पे डाव्याला होते तेच. मुंढा आणि खांदा एका ओळीने वर सरकेल. एक ओळ म्हणजे जेमतेम साडेतीन मि.मी., शिवणीत दिसतसुद्धा नाही.

आणि 'त्याच वेळी'साठी चौकटीची वही घ्या. ओळींचे क्रमांक उभे, शेजारी गळा आणि मुंढा असे दोन रकाने. ओळ झाली की खूण. डोक्यात दोन मोजण्या एकदम ठेवू नका.

हडसनकाठ:

वरचं उत्तर मी जपून ठेवतेय. एक भर घालते, पुढे कुणी हा धागा शोधत आलं तर. मी न्यू जर्सीत असते. अमेरिकन पॅटर्नमध्ये ८ नंबरची सुई म्हणजे ५ मि.मी., आपल्याकडची आणि जुनी ब्रिटिश ८ म्हणजे ४ मि.मी. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, तिकडे जाड होते. ७ तेवढा दोन्हीकडे साडेचार मि.मी. बसतो. नंबर कुठलाही असो, मि.मी. बघूनच सुई घ्यावी.

जोडसुई:

मी दोन्ही पुढचे भाग एकाच लांब गोल सुईवर, दोन वेगळ्या गुंड्या लावून शेजारी शेजारी विणते. उंची आपोआप सारखी येते, ओळी जुळवाव्या लागत नाहीत. या वेळी ते शक्य नाही, पण बाह्या तरी तशा विणाच.

लोकरलडी:

बाह्यांसाठी मान्य. पुढच्या भागांसाठी मात्र पहिल्या कार्डिगनला मी नाही सुचवणार. एका ओळीत चार कडा सांभाळायच्या आणि गुंड्या सतत एकमेकीत गुंततात.

गोदाकाठ:

ताई, किती मनापासून लिहिलंत! सातव्या ओळीपर्यंत विणून झालं, सुईवर ४१ आहेत आणि तिरकी रेघ डाव्यासारखीच उमटतेय. सगळं वहीत उतरवून घेतलंय.

आता पट्टीचं विचारते. एक सुलट एक उलट अशी पट्टी कडेवरून टाके उचलून विणायची आहे, सुई ३.२५ मि.मी. पुस्तिकेत टाक्यांचा आकडा आहे, पण माझ्या ओळी त्यांच्याएवढ्याच असतील असं नाही. शिवाय आईची बोटंही आता पूर्वीसारखी चालत नाहीत, म्हणून बटणं मोठी आणि मोजकी हवीत.

लोकरलडी:

आकड्यामागे जाऊ नका. कडेच्या दर ४ ओळींमागे ३ टाके उचला, चौथी ओळ सोडा. जास्त उचलले तर पट्टीला झालर येते, कमी पडले तर पुढचा भाग वर ओढला जातो. ३६ सेंमीत साधारण १०० ओळी असतील, म्हणजे सरळ भागावर ७५ टाके.

आधी डावी पट्टी पूर्ण करा आणि तिच्यावर बटणांच्या जागी रंगीत दोरा बांधा. बायकांच्या कार्डिगनला काज उजव्या पट्टीवर. आईसाठी पाच बटणं पुरेत: खालून चौथ्या टाक्यावर पहिलं, मग दर १७ टाक्यांनी, म्हणजे ४, २१, ३८, ५५ आणि ७२. सगळ्यात वरचं बरोबर व्ही सुरू होतो तिथे येतं.

मोठ्या बटणाला एका जाळीचं (एका टाक्याएवढ्या भोकाचं) काज अपुरं पडतं. पट्टीच्या मधल्या ओळीत ३ टाके बंद करा आणि पुढच्या ओळीत त्याच जागी ३ नवीन घाला. आधी छोट्या तुकड्यावर काज करून प्रत्यक्ष ते बटण आत-बाहेर करून बघा, शक्य असेल तर आईच्याच हातून. आणि अ‍ॅक्रिलिक आहे, शिवण्याआधी इस्त्री फिरवू नका, वीण कायमची ढिली पडते. ओलं करून, मापात पसरून, टाचण्या लावून वाळू द्या.