मुलांची कडू औषधं: चव कशी झाकायची? (अनुभव धागा)

अँटिबायोटिकचा कोर्स चांगला पाच-सात दिवस चालतो आणि दुसऱ्या दिवसापासूनच बाटली दिसली की मूल तोंड घट्ट मिटून घेतं. ‘गोड काहीतरी द्या’ हे सगळेच सांगतात. इथे त्यापुढचं हवं आहे: किती, कशात, कोणत्या औषधाबरोबर चालतं, कुठे फसतं आणि का. अट एकच, डोस पुरा पोटात गेला पाहिजे आणि औषधाचा गुण कमी होता कामा नये. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

परिचारिका, बालरुग्ण विभाग

सुरुवात चमचा बाजूला ठेवण्यापासून. चमच्यातलं औषध जिभेभर पसरतं, शिवाय घरातल्या चमच्यांची मापं सारखी नसतात. तोंडाने औषध द्यायची बिनसुईची सिरिंज घ्या. मुलाला मांडीवर ताठ बसवा, आडवं कधीच नको. सिरिंजचं टोक गाल आणि हिरडीच्या मध्ये, मागच्या दिशेला ठेवा. एका वेळी अर्धा ते १ मिली. गिळल्याचं दिसलं की पुढचं.

घशाकडे जोरात पिचकारी मारली की ठसका लागतो. रडताना किंवा नाक दाबून देऊ नका. रडणारं मूल मधेच खोल श्वास ओढतं आणि तेव्हाच औषध श्वासनलिकेत जायची भीती असते. दहा मिनिटं उशीर झाला तरी चालेल, मूल आधी शांत होऊ द्या. शेवटी त्याच सिरिंजमध्ये १-२ मिली पाणी ओढून तेही पाजा, म्हणजे कडेला चिकटलेलं औषध वाया जात नाही.

फार्मासिस्ट

वरची पद्धत बरोबर. आता मिसळण्याबद्दल, कारण जास्त चुका तिथे होतात.

पहिली चूक म्हणजे दुधाच्या अख्ख्या बाटलीत किंवा वाटीभर खाण्यात औषध घालणं. मूल निम्म्यावर थांबलं तर किती औषध गेलं ते कळत नाही. वर त्या दुधालाही कडू चव येते आणि बाळ पुढे दूधच नाकारू लागतं. मिसळायचंच असेल तर १ ते २ चहाचे चमचे, म्हणजे ५ ते १० मिली, एवढ्याच पदार्थात. कालवल्यावर लगेच भरवा, कालवून ठेवू नका. रोजच्या जेवणातला आवडता पदार्थ त्यासाठी वापरू नका, नाहीतर मूल त्याच्यावरही रुसतं.

दुसरी चूक म्हणजे आंबट रस. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या सस्पेन्शनमध्ये (न विरघळलेले औषधाचे कण असलेलं पातळ औषध) कडू औषधाच्या बारीक कणांवर लेप असतो. संत्र्यासारख्या आंबट रसात तो लेप टिकत नाही आणि चव आणखी बिघडते. अझिथ्रोमायसिनही आंबट रसात जास्त कडू लागतं. या दोन्हींना चॉकलेट सॉस किंवा आइस्क्रीम बरं. क्लॅरिथ्रोमायसिनचे कण चावायचे नाहीत, आणि ते फ्रिजमध्येही ठेवायचं नाही. याउलट अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट पाणी घातल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं, आणि थंडपणामुळे त्याची चवही थोडी सुसह्य होते.

दूध सगळ्याच औषधांना चालत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटातली औषधं दुधातल्या कॅल्शियमला चिकटतात आणि रक्तात कमी उतरतात. लोहाचंही दुधाबरोबर शोषण घटतं.

मेट्रोनिडाझोलची साधी गोळी कुटली तर अतिशय कडू. त्याच्या सस्पेन्शनमध्ये बेंझोएट हे रूप असतं. ते लाळेत फारसं विरघळत नाही, म्हणून जिभेला विशेष कळत नाही. मात्र ते खाण्याआधी तासभर द्यायचं असतं, त्यामुळे तिथे आइस्क्रीमचा उपाय चालत नाही.

कोणतीही गोळी फोडण्याआधी विचारा. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात, काहींवर आम्लापासून वाचवणारा लेप असतो. त्या कुटल्या की औषध एकदम सुटतं किंवा जठरातच निकामी होतं.

बाटली हलवण्याबद्दल

सस्पेन्शन नीट हललं नाही तर औषध तळाशी बसतं. सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे जास्त तीव्र नि जास्त कडू. ‘पहिले तीन दिवस छान घेतलं, मग एकदम नाही म्हणतंय’ या तक्रारीमागे कधीकधी हेच असतं. कोरडी पावडर असेल तर पाणी घालण्याआधी बाटली उलटी करून थोपटा, म्हणजे गठ्ठे सुटतात. उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेस असतानाच खूण गाठली तर पाणी कमी पडतं. मग प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा तीव्र होतो.

बालरोगतज्ज्ञ

मधाचा उल्लेख अजून कुणी केलेला नाही, पण कुणीतरी करेलच, म्हणून आधीच लिहितो: १ वर्षाखालच्या बाळाला मध नको, औषध कालवण्यापुरताही नको. बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो.

माणसाच्या जिभेवर कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत, आणि वेगवेगळी औषधं त्यातले वेगवेगळे चेतवतात. त्यामुळे एका औषधाला लागू पडलेली युक्ती दुसऱ्याला पडेलच असं नाही. प्रेडनिसोलोनसारख्या (हे एक स्टेरॉइड) फार कडू औषधाला आधी जिभेवर चॉकलेट सॉसचा थर, मग औषध, मग पुन्हा सॉस असा क्रम उपयोगी पडतो. मोठ्या मुलाने आधी मिनिटभर बर्फाचा गोळा चोखला की जीभ बधिरते. लहान मुलाला सुटा बर्फ नको, तो घशात अडकू शकतो. त्याला काडीवरची बर्फाची कुल्फी द्या.

डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारा: हेच औषध जास्त तीव्रतेत मिळतं का? ५ मिलीत १२५ मिग्रॅ असलेलं १० मिली देण्याऐवजी ५ मिलीत २५० मिग्रॅ असलेलं ५ मिली दिलं की घोट निम्मे होतात. बाटली बदलली की माप नव्याने लिहून घ्या. जुन्याच मापाने दिलं तर दुप्पट डोस जातो.

आणि औषधाला ‘खाऊ’ म्हणू नका. कडू आहे, पटकन संपेल, लगेच पाणी देते, असं खरं सांगितलेलं मुलं मानतात. खाऊ समजून लोहाच्या किंवा पॅरासिटामॉलच्या गोळ्या मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

दंतवैद्य

गोड सिरप झोपताना दिलं तर नंतर दात घासा, निदान पाण्याने चूळ भरायला लावा. लोहाच्या थेंबांनी दात काळे पडतात, ते सिरिंजने मागे सोडा किंवा मोठ्या मुलाला स्ट्रॉने द्या.

गोळी गिळायला शिकवणं

मूल साधारण ६ वर्षांचं झालं की सरावाने हे जमतं, आणि कडू चवीचा प्रश्नच मिटतो. आजारपणात शिकवायला जाऊ नका, बरं असताना रोज पाच मिनिटं पुरतात. केकवर भुरभुरतात तो साखरेचा बारीक दाणा जिभेवर ठेवायचा, आधी एक घोट पाणी पिऊन तोंड ओलं झालेलं असू द्या. दोन-तीन दिवस नीट जमलं की पुढचा आकार. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना हनुवटी किंचित छातीकडे झुकवायची. मान मागे टाकली तर ती ओठांकडे येते आणि मूल घाबरतं.

परिचारिका, बालरुग्ण विभाग

उलटी झाली तर काय, हे राहिलं होतं. लगेच दुसरा डोस देऊ नका. औषध दिल्यावर किती मिनिटांनी उलटी झाली आणि त्यात औषध दिसलं का, एवढं लिहून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा. पुन्हा द्यायचं की नाही हे औषधानुसार बदलतं, म्हणून तो निर्णय त्यांच्यावर सोडा.