बोका फार जाड झालाय, आहार आणि खेळ सुचवा (मुक्काम मालवण)

खळ्यातली

नमस्कार मंडळी. आमच्या बाळ्याबद्दल विचारायचं आहे. देशी बोका, वय सहा, नसबंदी झालेली, अंगाने भलताच सुटलाय. पूर्वी पडवीतून एका उडीत कौलांवर जायचा, आता ओटीची पायरी चढायची तरी आधी बसून विचार करतो. शेपटीच्या मुळाशी केसांच्या गुठळ्या व्हायला लागल्यात, कारण तिथपर्यंत त्याचं तोंडच पोचत नाही.

खाणं असं: कोरडं कॅटफूड वाडग्यात असतंच, संपलं की कोणीतरी भरतं. दुपारी सासूबाईंच्या पानाशेजारी बसून दूधभात. मासे साफ करायला घेतले की डोकी-शेपट्या. संध्याकाळी वाडीत फेरी, तिथे काय काय चापतो ते देव जाणे. शेजारच्या काकू त्याच्यासाठी वेगळा बांगडा काढून ठेवतात, हे परवा कळलं.

वाडगा जरा रिकामा दिसला की सासूबाई म्हणतात, "मुक्या जनावराक उपाशी ठेवन कोणाचा भला झाला गो?" यावर काय बोलणार.

तर किती द्यायचं, दूध आणि मासे पूर्ण बंद करायचे का, आणि या सुस्तोबाला खेळायला कसं लावायचं? महागडी ऑनलाइन खेळणी सुचवू नका प्लीज.

काजूबी

आधी वजन करा. "सुटलाय" हे काही माप नाही. काजूबिया मोजायचा लटकता डिजिटल काटा असतोच घरात किंवा शेजारी. बोक्याला कापडी पिशवीत घालून हुकाला लावायचं, आकडा बघायचा, पिशवीचं वजन वजा. आमची मांजर पिशवीत स्वतःहून जाते, तुमचा बाळ्या जाईल की नाही सांगता येत नाही. नसेल जात तर त्याला कडेवर घेऊन साध्या काट्यावर उभ्या राहा आणि आपलं वजन वजा करा. पण त्यात शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात.

खळ्यातली

पिशवीत गेला! सात किलो शंभर ग्रॅम. पिशवी फाटायची बाकी होती.

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, सरकारी नोकरीत, रोजचं काम गाईम्हशींचं. तरी हल्ली कोकणातही मांजरं आणणारे वाढलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, पोट मोठं म्हणजे चरबीच असं धरू नका. जंत, पोटात पाणी होणं, मादी असेल तर गाभण असणं, या सगळ्यात पोट दिसतं. मागच्या पायांच्या पुढे जी सैल कातडी लोंबते ती तर सडपातळ मांजरालाही असते, तिचा लठ्ठपणाशी संबंध नाही. खरी तपासणी बरगड्यांची. दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चाचपा. तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवताना जशी हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन ठीक. दाबूनही सापडत नसतील तर जाड. वरून पाहिल्यावर बरगड्यांच्या मागे कंबर दिसायला हवी. आपल्या बहुतेक देशी मांजरांचं योग्य वजन साडेतीन ते पाच किलोंत बसतं. बाळ्या हाडापेराने थोराड असेल तर पाच धरू.

आता हिशोब. पाच किलोच्या मांजराला नुसतं स्वस्थ पडून राहायला दिवसाला साधारण २३५ किलोकॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १८५ ते १९०. ध्यानात घ्या, आजच्या सात किलोंवर नाही, पाच किलोंवर हिशोब करायचा. कोरड्या कॅटफूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० किलोकॅलरी असतात. पाकिटावर छापलेलं असेल तर तोच आकडा घ्या. म्हणजे अख्ख्या दिवसाचं खाणं झालं ५० ग्रॅम. अंदाजाने मूठ भरू नका, स्वयंपाकाच्या काट्यावर मोजा.

आणि दूधभात! म्हशीचं दूध १०० मिलिलिटरला १०० किलोकॅलरीच्या आसपास, शिजलेला भात १०० ग्रॅमला १३०. एक वाटी दूधभात झाला की बाळ्याचा दिवसाचा कोटा संपला, वर कॅटफूड आणि बांगडा फुकट. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. दूध बंद. याबाबतीत मी सासूबाईंच्या विरोधात आहे, सांगा त्यांना.

पण त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे, उपाशी ठेवायचं नाही. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर अंगातली चरबी भराभर यकृतात जाऊन साचते, यकृत काम सोडतं, आणि त्यातून मांजर दगावतं. म्हणून नवं खाणं आवडत नाही तर "भूक लागली की खाईल" असा हट्ट करू नका. चोवीस तास तोंड लावलं नाही तर दवाखाना. हिरड्या, कानाची आतली बाजू, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसला तर त्याच दिवशी. खाण्याचा प्रकार बदलायचा असेल तर आठ-दहा दिवसांत जुन्यात नवं मिसळत बदला.

आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं. सात किलोला जास्तीत जास्त ७० ग्रॅम. म्हणजे गणपतीत पाहुण्यांना फरक दिसेल अशी आशा नको, शिमग्याचं बोला.

बोक्याची_आऊ

बापरे, फक्त ५० ग्रॅम? वाडग्याच्या तळाला चार दाणे दिसतील.

गुरांचा_डॉक्टर

दिसतील तेवढेच. म्हणून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं. डबाबंद किंवा पाउचमधलं ओलं खाणं परवडत असेल तर त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, तेवढ्याच कॅलरीत ताट भरलेलं दिसतं आणि पाणीही पोटात जातं. नुसतं घरचं उकडलेलं चिकन-भात यावर मात्र ठेवू नका. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं, ते कमी पडलं तर हृदय आणि डोळे जातात. भुकेने फारच ओरडत असेल तर खाण्यात चमचाभर उकडलेला लाल भोपळा कालवा, पोट भरल्यासारखं होतं.

नसबंदीमुळे जाड झाला असं कोणी म्हणेल. अर्धंच खरं. नसबंदीनंतर गरज कमी होते आणि भूक उलट वाढते, पण वाडगा भरायला माणूसच लागतो. नसबंदी केलीत ते उत्तम केलंत.

नुस्तेकार

आमच्याकडे पण असोच एक बोको होतो. मासे पूर्ण बंद करू नको वहिनी, मालवणात राहून तो बोका जगेल कसा! ताजा बोंबील दे थोडा, त्यात पाणीच जास्त. बांगडा, पेडवे तेलकट, ते टाळ. आणि १ जूनला मोठ्या बोटींची बंदी लागली की काकूंचा बांगडा आपोआप महाग होतला.

गुरांचा_डॉक्टर

नुस्तेकारांना दुजोरा, दोन अटींसह. मासा उकडलेला, काटे काढलेला, मीठमसाला न लावलेला. कालवणातला तुकडा धुऊनही नको, कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. आणि कच्चा नको. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, रोज तेच खाल्लं तर मांजर झोकांड्या खायला लागतं. वरखाऊ जे काही असेल ते दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत, आणि तेवढे दाणे डब्यातून कमी.

मूळ_गुहागरची

डब्यावरून आठवलं. आमच्या घरी एवढ्या एकाच गोष्टीने फरक पडला. सकाळी दिवसाचे सगळे दाणे मोजून एका छोट्या स्टीलच्या डब्यात भरायचे. ज्याला मांजराचे लाड करायचेत त्याने त्या डब्यातूनच करायचे. डबा रिकामा, दुकान बंद. आमच्या आजीला मांजराला काहीतरी घालायचं असायचं, काय घालायचं याचा तिला हट्ट नव्हता. डबाच तिच्या ताब्यात दिला. मग तीच दुसऱ्यांना ओरडायला लागली, "कोणी दोन दाणे जास्त घातले?" तुमच्या सासूबाईंना खातं द्या, विरोधी पक्षात ठेवू नका.

काजूबी

+१. आणि काकूंकडेही त्याच डब्यातले आठ-दहा दाणे पुडीत देऊन ठेवा. बांगड्याऐवजी तेच. बोका काकूंकडे जायचा थांबणार नाही, थांबवूही नका, तेवढं चालणं होतं.

खळ्यातली

डब्याची कल्पना भारी आहे. सासूबाई लगेच तयार होतील असं नाही, पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटलं की ऐकतात. आमचं कोणी ऐकत नाही, गुरांच्या डॉक्टरांचं ऐकतात.

खेळाचं सांगा ना कोणीतरी.

बोक्याची_आऊ

खेळ हा माझा विषय! बाजारातलं काही लागत नाही. झावळीचा एक लांब हीर घ्या, टोकाला कोंबड्याचं पीस घट्ट बांधा. झालं खेळणं. पण ते बोक्याच्या तोंडापुढे नाचवू नका, कोणतंही सावज मांजराच्या तोंडाकडे चालत येत नाही. पीस त्याच्यापासून दूर न्यायचं, दाराआड अर्धं लपवायचं, जरा थांबायचं, मग सर्रकन ओढायचं. जाड बोका सुरुवातीला नुसता डोळ्यांनी खेळतो. मग बूड हलवायला लागतो. बूड हललं की समजायचं, आता झेप येणार. दोन-तीन झेपांत धापा टाकेल, मग थांबायचं. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मांजर लांब पळणारं जनावर नाही, दबा आणि झेप एवढंच त्याचं. शेवटी पीस त्याला पकडू द्यायचं आणि त्यावर डब्यातले चार दाणे. म्हणून लेझरचा लाल ठिपका मला आवडत नाही, त्यात हाताला काही लागतच नाही, मांजर वैतागतं.

वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. मे महिन्यात दुपारी कोण खेळेल? दिवेलागणीला मात्र ओटीवरच खेळा, खळ्यात नको. चिऱ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) फुरशी, म्हणजे विषारी साप, असतात आणि मांजर हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर पंजा टाकतं.

खाणंही वाडग्यात कशाला? तीन करवंट्या उपड्या घाला, एकीखाली दाणे. कडेला थोडी फट राहू द्या, म्हणजे वास येतो. आमचा बोका आधी करवंटीवर बसून राहायचा, आता पंजाने उलटवतो. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्येही खळग्या-खळग्यात दाणे टाकता येतात. पोफळीची विरी (झावळीचा रुंद, वाळलेला बुंधा) असेल तर तिच्यावर दाणा घरंगळत सोडा, त्या आवाजाने झोपलेलं मांजर उठतं.

गुरांचा_डॉक्टर

हीर-पीस उत्तम, खेळ झाला की उचलून ठेवा. दोरा, सुतळी, रबरबँड गिळला की आतड्यात अडकतो आणि आतडं चुण्या पडल्यासारखं गोळा होतं, ऑपरेशनच करावं लागतं. किनाऱ्यावर तर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) सगळीकडे पडलेला असतो. खेळण्यासाठी तंगूस अजिबात वापरू नका. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन या.

एक लक्षात असू द्या, खेळाने वजन फारसं उतरत नाही. उतरतं ते त्या ५० ग्रॅममुळे. खेळाने स्नायू टिकतात आणि वेळ जातो, नाहीतर कंटाळा आला की मांजर वाडग्याकडेच जातं. आणि बाळ्या पायरी चढताना थांबतो म्हणालात, त्यामागे नुसतं वजन आहे की सांधे दुखतात हे हाताने तपासल्याशिवाय कळणार नाही. उंच उड्या मारायला लावू नका अजून.

खळ्यातली

पहाटे साडेचारला छातीवर बसून ओरडणं, यावर काही?

मूळ_गुहागरची

उठायचं नाही. एकदा उठून दाणे दिलेत की त्याला कळतं की ओरडल्यावर मिळतं. डब्यातला शेवटचा वाटा रात्री झोपताना, खेळून झाल्यावर द्या. खेळणं, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रमच आहे. सुरुवातीचे काही दिवस जास्त ओरडेल. उशी डोक्यावर घ्या.

गुरांचा_डॉक्टर

ओरडण्यावरून एक तातडीची गोष्ट. जाड, घरात बसणाऱ्या बोक्यांत लघवी तुंबण्याचा त्रास होतो. मातीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतोय, कण्हतोय आणि थेंब-दोन थेंबच होतायत किंवा काहीच नाही, तर तो "भुकेने ओरडतोय" म्हणून सोडू नका. त्यात सकाळची वाट बघायची नसते. उलट पाणी खूप पितोय आणि लघवी खूप होतेय असं दिसलं तर रक्तातली साखर तपासून घ्या, लठ्ठ बोक्यांत मधुमेह होतो.

वजन पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, त्याच पिशवीत. उतरायचं थांबलं तर खाणं आणखी कापू नका, आधी वाडीत चौकशी करा.

नुस्तेकार

डॉक्टर, पावसात आमच्याकडे सुकाच असता. जवळा चालतलो काय?

गुरांचा_डॉक्टर

खारवलेला नको, मीठ फार. बिनमिठाचा उन्हात वाळवलेला जवळा असेल तर चिमूटभर करवंटीखाली चालेल. वास दांडगा, त्यामुळे त्याच्यासाठी बोका करवंट्या नक्की उलटवेल. सुकवलेल्यात पाणी नसतं, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच.

खळ्यातली

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. डबा घ्यायला तयार आहेत, पण ५० ग्रॅम त्यांना मान्य नाही, ६० म्हणतायत. डॉक्टर, चालेल का?

गुरांचा_डॉक्टर

पहिले पंधरा दिवस ६० द्या, दूध मात्र पूर्ण बंद. काट्यावर आकडा हलला नाही तर मग ५०. त्यांच्यासमोर वजन करा.